पटवारींचं नाव

पटवारींचा मला पहिल्या दिवसापासून राग यायचा आणि तो मी कधी लपवलाही नाही. हा माणूस न वाचता कशाखालीही स्वतःचं नाव देत नसे. कुरिअरवाला घामाघूम होऊन दारात उभा असायचा आणि हे चष्मा कपाळावर सरकवून पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसायचे. ऑफिसात आग विझवण्याचं प्रशिक्षण झालं, तेव्हा हजेरीच्या कागदावर "मला सर्व समजले आहे" असं छापलेलं होतं. आम्ही सगळ्यांनी सह्या ठोकल्या आणि चहाला पळालो. पटवारींनी त्या वाक्यावर रेघ मारली, वर "अर्धं समजलं" असं लिहिलं आणि मग खाली नाव घातलं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, तिन्ही पूर्ण. तो कागद परत आला आणि आम्हाला ते प्रशिक्षण भर उन्हात दुसऱ्यांदा करावं लागलं.

मी पुण्याहून हैदराबादला नोकरीला आले आणि हिमायतनगरमध्ये एका मुलींच्या हॉस्टेलवर राहिले. आमची कंपनी छोटी यंत्रं बनवते. दुकानांत, दवाखान्यांत, तपासणीच्या लॅबमध्ये टेबलावर बसणारी खोकी. खोकं चालू केलं की सगळ्यांत आधी जागा होतो तो त्याचा कर्नल, म्हणजे बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांना कामाला लावणारा मुख्य प्रोग्राम. त्यात हजारो फंक्शनं असतात. फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेलं लहानसं काम. ज्याला ते काम करून हवं असेल तो त्याला नावानं हाक मारतो. काही वर्षांनी एखादं फंक्शन धोक्याचं ठरतं, आणि मग त्याच्या डोक्यावर पाटी लागते: बाद, वापरू नये. पाटी लावायला पाच मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात ते काढून टाकायला वर्षं जातात, कारण ठिकठिकाणांहून त्याला हाका जात असतात आणि हाक मारणाऱ्यांना काही तरी दुसरं द्यावं लागतं. हे काढण्याचं काम पटवारींकडे होतं, आणि त्यांच्या हाताखाली मी.

पटवारी हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्याकडे एक लांबट, कापडी पाठीची वही असायची. जे फंक्शन काढायचं असेल त्याला जिथून जिथून हाक जाते, त्या प्रत्येक ठिकाणाची वहीत एक ओळ. ती जागा वाचून झाली, तिथला कोड कुणाचा त्या माणसाशी बोलून झालं, की ओळीपुढे "वाचलं" आणि खाली पूर्ण नाव. हे सगळं संगणक एका क्षणात शोधून देतो, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांनी "हौ, देतोय ना" म्हणून मान डोलावली आणि लिहीत राहिले. या वहीवरून ऑफिसातल्या तेलुगू मंडळींनी त्यांना पटवारी साब, म्हणजे तलाठी साहेब, म्हणायला सुरुवात केली. त्यांचं घराणं देगलूरकडचं, शेती करणारं. वडील नोकरीसाठी हैदराबादेत चिक्कडपल्लीला आले ते तिथलेच झाले. "आमच्या घरानं पटवाऱ्याच्या दारात चपला झिजवल्या," ते मला म्हणाले, "आन् हे लोक मलाच पटवारी करायलेत. करू द्या. पण मग जमीन बघितल्याबिगर नोंद नाही व्हायची."

त्यांचा एकच प्रश्न असे, आणि तो ते प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत विचारत. आमच्यासारख्यांना, "हाक कोण मारायलंय?" बाकीच्यांना, "पहले वो देखो, बुलारा कौन." फंक्शन काय करतं हे त्यांना दुय्यम वाटे. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम वेळ काढतो. घरी आईला फोन केला की मी त्यांची नक्कल करून दाखवायचे आणि आई हसून हसून बेजार व्हायची.

रागीट मात्र ते माझ्यापेक्षा होते. एकदा मी घाईत एका जुन्या फाइलमधून चार ओळी उचलल्या आणि माझ्या नव्या कोडमध्ये चिकटवल्या. त्यात नेमकं एक बाद फंक्शन होतं. पटवारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "पाटी वाचता येत नाही का तुला? का पाटी दुसऱ्यासाठी हाय?" मी म्हटलं, सगळेच वापरतात. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "सगळे म्हंजे कोण? नावं सांग. लिहून घेतो." ते आठ-दहा मिनिटं बोलत होते, आवाज चढवून, आणि सगळा मजला ऐकत होता. बाद म्हणून पाटी लावायची आणि वापरत राहायचं, याच्याइतकी दुसऱ्या कशाची त्यांना चीड नव्हती. दुपारी त्यांनी डबा उघडून अर्धी ज्वारीची भाकरी आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, केलेली अंबाडीची भाजी माझ्यापुढे सरकवली. मी रुसून होते, पण भाजी संपवली.

आता त्या नावाच्या प्रथेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कर्नलमध्ये कुणीही बदल केला की त्याच्या खाली दोन ओळी लागतात: बदल कुणी लिहिला आणि कुणी वाचला. दुसरी ओळ नसेल तर बदल आत जातच नाही. हेतू चांगला, पण आमच्याकडे त्याची उसनवारी चालायची. तू माझ्यावर नाव टाक, मी तुझ्यावर टाकते. कुणी कुणाचं वाचत नसे. एक पटवारीच असे होते की ज्यांचं नाव खाली दिसलं म्हणजे ओळन्ओळ वाचलेली आहे, याबद्दल कुणाला शंका नसायची. म्हणून नियमच झाला होता की कर्नलच्या मुळाशी हात घालायचा असेल तर खाली पटवारींचं नाव हवं. त्यांच्याकडे कंपनीची गाडी नव्हती, मोठं पद नव्हतं. हे एक नाव होतं.

त्या वर्षी आम्ही जे फंक्शन काढत होतो त्याचं काम साधं होतं. एखादं नाव किंवा नंबर एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत उतरवायचा. चौकट काठोकाठ भरली की ते शेवटी पूर्णविराम द्यायला चुकायचं, म्हणून ते बाद ठरलेलं. पण त्याची एक चांगली सवयही होती. चौकटीत जागा उरली तर ती सगळी पुसून कोरी करायचं. त्याच्या जागी आलेलं नवं फंक्शन पूर्णविराम कधी चुकत नसे, पण पुढची जागा पुसायची तसदी घेत नसे. चौकटीत आधी लांब नाव असेल आणि त्यावर आखूड नाव लिहिलं, तर लांब नावाची शेपटी तिथंच राहायची. पूर्णविराम पाहून थांबणाऱ्याला ती शेपटी दिसत नाही. जो थांबत नाही त्याचं काय, हे पाहण्यासाठी पटवारी एकेक ठिकाण पालथं घालत होते.

अशाच एका ठिकाणासाठी ते मला विद्यानगरच्या एका तपासणी लॅबमध्ये घेऊन गेले. रक्ताच्या बाटल्यांवर पेशंटचा नंबर छापून चिकटवणारं आमचं खोकं तिथं होतं. बसायच्या बाकावर दंडाला कापूस दाबून धरलेल्या चार-पाच बायका होत्या. पटवारींनी तिथल्या अनिता नावाच्या टेक्निशियनबाईंना तासभर प्रश्न विचारले. जुन्या पेशंटांचे नंबर आखूड, नव्यांचे लांब. यंत्र कुठं थांबतं? अनिता हसून म्हणाली, "सर, ये पूरा डब्बा छापता. कहाँ रुकना, इसको नै मालूम." म्हणजे पूर्णविराम आला तरी यंत्र चौकटीच्या टोकापर्यंत छापत जायचं. पटवारींनी तिला पुन्हा एकदा लेबल छापायला लावलं. मी बाकावर मोबाइलमध्ये भाड्याचे फ्लॅट पाहत होते.

परतताना बसमध्ये त्यांनी वही मांडीवर घेतली. "ह्या ठिकाणी आधी पुसूनच लिहावं लागतंय. ध्यानात ठेव." मी हो म्हटलं. "आन् हाक मशीन नाही मारायलं, बाई. त्या बाकड्यावरल्या बाया मारायल्यात." मी त्यालाही हो म्हटलं. त्या दोन होकारांचा आज मला जितका राग येतो, तितका आयुष्यात दुसऱ्या कशाचाच येत नाही.

मग केदार आला. आमचा नवा मॅनेजर, मुंबईचा, हसतमुख, कुणालाही दोन मिनिटांत आपलंसं करणारा. त्यानं भिंतीवर एक पडदा लावला आणि बाद फंक्शनांना जाणाऱ्या हाका किती उरल्या याचा आकडा त्यावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. तिमाही संपेपर्यंत तो शून्य करायचा, असं त्यानं वर कबूल केलं होतं. पटवारींच्या चालीनं तो आकडा रोज दोनानं, तिनानं उतरे. केदार रोज सकाळी पडद्याकडे पाही, मग पटवारींच्या पाठीकडे पाही. तिमाहीचे शेवटचे दिवस आले आणि पटवारी नातीच्या बारशाला आठ दिवस नांदेडला गेले. जाताना वही टेबलाच्या खणात ठेवून गेले. खणाला कुलूप नव्हतं.

"आपण हे एका दुपारी करू शकतो ना?" केदारनं विचारलं. करू शकत होतो, आणि मला ते करून दाखवायचंच होतं. मी एक स्क्रिप्ट लिहिली. उरलेल्या सगळ्या ठिकाणी जुन्या फंक्शनचं नाव काढून नव्याचं घालणारी. चहा थंड व्हायच्या आत ती चालून संपली. सगळं नीट उभं राहिलं, कुठं लाल अक्षर नाही. मी कुठलंच ठिकाण उघडून पाहिलं नाही. फक्त वाचणाऱ्याची ओळ राहिली होती. केदार माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. "टाक ना त्यांचं नाव. आल्यावर वाचतीलच की." मी थांबले. किती वेळ, ते मला आठवतं. खोटं का सांगू, एक श्वासभर. मग मी पटवारींचं नाव टाइप केलं, तिन्ही पूर्ण, त्यांच्या सवयीप्रमाणे. पडद्यावर शून्य आलं. केदारनं सगळ्या मजल्याला बिर्याणी मागवली आणि मी दोनदा वाढून घेतली.

पटवारी परत आले ते पेढ्यांचा डबा घेऊन. डबा टेबलावर ठेवला, संगणक उघडला आणि माझ्या बदलाखालच्या दोन ओळी दोनदा वाचल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी मला नावानं हाक मारली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "हे मी वाचलं?"

मी म्हटलं, केदार म्हणाला की तुम्ही आल्यावर वाचाल.

"मी तुला विचारायलोय. हे मी वाचलं?"

"नाही."

"मग काढ."

काढता येत नव्हतं. हे आमच्या धंद्यातलं विचित्र आहे. फंक्शन काढता येतं, फाइल काढता येते, सगळा कर्नल पुसून नवा लिहिता येतो. पण कुणी कधी काय बदललं आणि खाली कुणाचं नाव होतं, तो इतिहास एकदा सगळ्यांच्या यंत्रांवर उतरला की उतरला. तो बदलायचा तर प्रत्येकाची प्रत मोडते. पटवारींना हे माझ्याहून चांगलं माहीत होतं. तरी ते केदारकडे गेले. मी काचेच्या दाराबाहेर उभी होते. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या: सगळ्यांना एक पत्र जाऊ दे की हे मी वाचलेलं नाही, आणि माझं वाचून होईपर्यंत हे कुठल्याही यंत्रावर पाठवू नका. केदार म्हणाला, सर, असं पत्र गेलं तर टीमचं हसं होईल. आणि पाठवण्याची तारीख माझ्या हातात नाही. ती त्याच्याच हातात होती.

पटवारी जागेवर आले, खणातून वही काढली आणि नवीन पानावर पहिली ओळ लिहिली. "नाव तर पडलंय," ते म्हणाले, "आता निदान खरं तरी करतो." त्यानंतर हा माणूस पहिल्या ठिकाणापासून क्रमानं, एकही न गाळता, जे वाचत सुटला ते मी विसरू शकत नाही. जेवायला उठेनात. डबा बंदच परत जायचा, मग काकूंचा मला फोन, की त्यांची तब्येत बरी आहे ना. मी मदत करते म्हटलं तर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नक्को." त्यांनी मला शिकवलेलं सगळं बहुधा त्याच आठवड्यात मला समजलं, आणि तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. शुक्रवारी बदल यंत्रांवर गेला. मंगळवारी सकाळी ते लॅबच्या त्या ठिकाणाशी पोचले आणि खुर्ची मागे पडेल इतक्या जोरात उठले. तिथं वहीत, आधीच्या पानांवर, त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: आधी पुसून मग लिहावे, यंत्र थांबत नाही. दुपारपर्यंत त्यांनी दुरुस्ती करून पाठवली. खाली लिहिणाऱ्याच्या ओळीत त्यांचं नाव होतं, आणि वाचणारा म्हणून त्यांनी त्या भागाच्या मूळ मालकाला दुसऱ्या इमारतीतून बोलावून शेजारी बसवून वाचायला लावलं होतं.

तोवर चार दिवस गेले होते. एका पेशंटच्या आखूड नंबराला आधीच्या लांब नंबराची शेपटी चिकटली आणि तयार झालेला नंबर नेमका तिसऱ्याच एका बाईंचा निघाला. परक्या रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या नावावर गेला. लॅबनं सगळी लेबलं तपासून चूक शोधेपर्यंत त्या बाई नऊ दिवस आपल्याला नसलेला आजार घेऊन घरात बसल्या होत्या.

चौकशी झाली. वरून एक अधिकारी बाई आल्या होत्या. पडद्यावर माझा बदल उघडलेला, खाली त्या दोन ओळी. त्यांनी पटवारींना विचारलं, हे तुम्ही वाचलं होतं का?

"नाही."

मग तुमचं नाव इथं कसं?

पटवारी म्हणाले, "ज्यानं टाकलं त्यानं सांगावं." आणि हात मांडीवर ठेवून थांबले.

ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी मला संधी दिली होती, अगदी सरळ, सगळ्यांच्या देखत, आणि वेळही पुष्कळ दिला. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होते. केदारनं घसा साफ केला आणि म्हणाला की प्रक्रियेत थोडी गफलत झाली. अहवालात लिहिलं गेलं की वाचणाऱ्यानं न वाचता नाव दिलं. पटवारींचा नाव देण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. ज्यांनी कधी एक ओळ वाचली नाही, त्या सगळ्यांचा शाबूत राहिला. माझाही.

त्या महिन्याच्या शेवटी पटवारींनी नोकरी सोडली. निरोप समारंभाला नको म्हणाले. वही बगलेत धरून लिफ्टपाशी उभे होते तेव्हा मी जवळ गेले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आता पुढे काय? "पुढं काय म्हंजे? वाचीन," ते म्हणाले. लिफ्ट आली.

पाच महिने मी केदारचा राग केला. तो सोपा होता. त्याची बढती झाली तेव्हा तर मला स्वतःचा राग करायची गरजच उरली नाही. पण कोड वाचताना रोज कुठं ना कुठं ते नाव दिसायचं, तिन्ही पूर्ण, मी टाइप केलेलं. शेवटी एका रविवारी बसून मी सगळ्या कंपनीला उद्देशून दोन पानी पत्र लिहिलं. मी काय केलं, केदार काय म्हणाला, पटवारींवर कसा अन्याय झाला. पाठवण्याआधी ते छापून चिक्कडपल्लीला घेऊन गेले. काकूंनी दार उघडलं, आत जाऊन पाणी आणलं, आणि मला पाहून त्यांना आनंद झाला, याचीही मला लाज वाटली.

पटवारींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही पानं वाचली. मग पहिल्यापासून पुन्हा वाचली. मी पेन काढून ठेवलं होतं. मला वाटलं होतं की ते खाली नाव देतील, आणि मग मी ते सगळ्यांना दाखवीन. खरं सांगायचं तर मी त्याचसाठी गेले होते.

"यात ती बाई कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"कोण बाई?"

"नऊ दिवस बसलेली." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "दोन पानं लिवलीस. तुझं हाय, माझं हाय, त्या केदारचं हाय. हाक कोण मारायलं होतं, ते अजून बघितलंच नाहीस तू." पानं घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. "अनिताला इचार. त्या बाई भेटायला नक्को म्हणाल्या तर जाऊ नको. हो म्हणाल्या तर जा."

त्या हो म्हणाल्या. विद्यानगरलाच, लॅबपासून तीन गल्ल्यांवर त्यांचं घर. पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी मला पाणी दिलं, बस म्हणाल्या नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं की त्या नऊ दिवसांत त्यांनी आपल्या चांगल्या साड्या बहिणींना वाटून टाकल्या होत्या. आता परत कशा मागणार. मग म्हणाल्या, "आपके यहाँ से एक बुजुर्ग आए थे. पहले महीने में ही आए थे. बोले, नाम मेरा था."

मी विचारलं, आणखी काय म्हणाले?

"कुछ नै. बस वही बोले, नाम मेरा था. यहीं खड़े रहे."

चौकशीच्या खोलीत, नाव देण्याचा अधिकार जात असताना, हा माणूस "मी वाचलं नाही" इतकंच खरं बोलून थांबला होता. आणि इथं, जिथं तेच वाक्य बोललं असतं तर त्यांची सुटका झाली असती, तिथं ते त्यांनी बोललंच नाही. मला त्यांचा इतका राग आला की रडू येईना. मी म्हटलं, नाम उनका था, लेकिन डाला मैंने था. उनको पूछे बगैर.

"और तुम अब आरे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि दार लावलं.

घरी येऊन मी ती दोन पानं फाडली. दुसरं पत्र एका पानाचं झालं. त्यात आधी त्या बाई होत्या, नऊ दिवस होते, साड्या होत्या. मग मी काय केलं ते होतं. केदार त्यात नव्हता. सोमवारी सकाळी ते सगळ्यांना गेलं. केदार म्हणाला, याची गरज होती का? मला लेखी समज मिळाली, माझाही नाव देण्याचा अधिकार गेला, आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी कुणाच्या तरी बदलाखाली न वाचता नाव टाकलं. तो इतिहास आजही तसाच आहे. नवीन आलेली मुलं ते ठिकाण उघडतात आणि त्यांना वाटतं, हे पटवारींनी वाचलं होतं. माझं पत्र तिथं कुठंच नाही. पत्रं कर्नलमध्ये ठेवत नाहीत.

ते पत्र मी पटवारींनाही पाठवलं होतं. एक पान वाचायला त्यांनी आठ दिवस घेतले, हे त्यांच्या चालीला धरूनच होतं. नवव्या दिवशी त्यांचा मेसेज आला. त्यात एकच शब्द होता: वाचलं.

मी बोटानं खाली सरकवून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. या माणसानं आयुष्यभर वहीत, कागदांवर, कर्नलमध्ये, जिथं जिथं हा शब्द लिहिला तिथं खाली स्वतःचं नाव दिलं, तिन्ही पूर्ण. इथं खाली नाव नव्हतं.